मेलेल्यानं बोलायचं नाही

रविवार, ४

घडलं ते असं.

१. सकाळी ९.४० ला रंगाच्या बंद कारखान्याच्या आवारात सामना सुरू झाला. एका बाजूला मामांचा संघ, म्हणजे पाच निवृत्त माणसं. दुसऱ्या बाजूला बँकेतले पाच जण. हत्यार एअरसॉफ्ट बंदूक: बॅटरी, मोटर, गिअर, स्प्रिंग आणि सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या. सगळ्यांनी जाळीचे मुखवटे घातले होते.

२. ९.५२ ला मामांना पाठीत गोळी लागली. ती इतर कुणी पाहिली नव्हती. मामांनी स्वतःहून हात वर केला आणि डोक्यावर लाल फडकं टाकलं. म्हणजे ते मेले.

३. नियम असा आहे की मेलेल्यानं बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, सरळ कडेच्या बाकावर जाऊन बसायचं.

४. ९.५३ ला, बाकाकडे चालताना, मामांच्या हातातली बंदूक आपोआप सुरू झाली. बोट चापावर नव्हतं. मी सात मीटरवर उभी होते.

५. बंदूक सव्वीस सेकंद थांबली नाही. गोळ्या संपल्यावर थांबली. साधारण तीनशे.

६. कुणाकडेही रोखली जाऊ नये म्हणून मामा जागच्या जागी गोल फिरत राहिले. त्यामुळे ती सगळ्यांकडे रोखली गेली.

७. लागलेल्या गोळ्या: बँकेच्या कप्तानाला नऊ, मामांच्याच संघातल्या पोस्टमनला सहा, मैदानवाल्या बाईंच्या थर्मासला चार, झेंड्याला अगणित.

८. या सव्वीस सेकंदांत मामा एक शब्दही बोलले नाहीत. ते मेलेले होते.

कुणाला इजा नाही. थर्मासला पोचे आले आहेत.

सामना संपल्यावर कप्तान म्हणाला, "मेलेला माणूस गोळ्या झाडतो, एक वेळ समजू शकतो. पण तोंडातून 'सॉरी' नाही? माझ्याकडे बघत बघत मारल्या त्यांनी."

"त्यांना बोलायची परवानगी नव्हती," मी म्हटलं.

"आपण कोण?"

"भाची. मी फक्त गाडी चालवायला आले आहे."

मैदानवाल्या बाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी थर्मास फिरवून पाहिला आणि निर्णय दिला. बंदूक का बिघडली याचं कारण, यंत्रातलं कळणाऱ्या माणसाच्या सहीनं, लेखी, बुधवार २१ पर्यंत. तोवर मामा बाहेर. २५ तारखेला मोसमाचा शेवटचा सामना आहे. "आणि कारण म्हणजे कारण," त्या म्हणाल्या. "'बिघडली असेल' हे मला घरीही कळतं."

मग त्यांनी फाटकावरच्या नियमांच्या फळीकडे बोट दाखवलं. नववा नियम: घरी फेरफार केलेली बंदूक आणि तिचा मालक, दोघंही वर्षभर बाहेर.

मामा तेव्हा दुसरीकडे बघत होते. त्या दिशेला फक्त भिंत होती.

जाताना मी त्यांना विचारलं की बंदूक जमिनीकडे का रोखली नाही. म्हणाले, "जमिनीवर पोस्टमन आडवा पडला होता."

सोमवार, ५

हे काम मी घेतलं आहे. मी लिफ्टची तपासनीस आहे, बंदुकीची नाही, पण मोटर, गिअर आणि वेळेवर न थांबणं हे तिन्ही विषय माझे आहेत. शिवाय या घरात मी चार महिने राहते आहे आणि मामा-मामी भाडं घेत नाहीत. ही परतफेड समजता येईल. इतर कारण नाही.

कामावरून आल्यावर पाहणी केली. बॅटरी ठीक. फ्यूज ठीक. तारांचं आवरण कुठे सोललेलं नाही. खोक्यात जुने टॉवेल कोंबून बाल्कनीतून साठ गोळ्या झाडल्या. साठही वेळा चाप सोडताच बंदूक थांबली.

मामा दाराशी उभे होते. "बरी झाली म्हणायची," ते म्हणाले.

"दोष सापडला नाही. दोष नाही असं मी म्हटलेलं नाही."

"तुमच्या डॉक्टर लोकांचं हेच असतं."

"मी डॉक्टर नाही, मामा."

"हो, पण तोंड तसंच करतेस."

मामीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "रविवारपर्यंत होईल का गं? यांचा रविवार बंद झाला तर हे सोमवारपासून माझ्या डब्यांना दात बसवायला लागतील."

याचा अर्थ मला लागला नाही. मामांची कवळ्या बनवण्याची कार्यशाळा तीन वर्षांपूर्वी बंद झाली. आता कवळ्या यंत्रं छापतात. त्याबद्दल मामा कधी बोलत नाहीत, म्हणून मीही विचारलेलं नाही.

मंगळवार, ६

आज गिअरबॉक्स उघडला.

"आत कशाला शिरतेस?" मामा म्हणाले. "बाहेरूनच बघ की."

"बाहेरून बघून झालं."

"मग अजून एकदा बघ. पहिल्यांदा माणसाचं लक्ष नसतं."

झाकण सैल करताना स्प्रिंग उडाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली. सतरा तारखेला भोक पडलं आहे. स्प्रिंग आधी दाबून धरायची असते हे मला माहीत होतं. नोंद करून ठेवते.

आत पुढे-मागे जाणारा एक पिस्टन असतो. त्याच्या पोटाशी दातांची रांग असते. गिअर ते दात पकडून पिस्टन मागे ओढतो, मग सोडतो, आणि हवेच्या दाबानं गोळी सुटते. चाप ओढला की एक सरकपट्टी विजेचा संपर्क जोडते, सोडला की तोडते. त्या सरकपट्टीच्या खाचेत मला एक कण सापडला. तिळाएवढा, गुलाबी. भिंगाखाली पाहिलं तर त्यात बारीक लाल धागे आहेत. कण खाचेत अडकला की सरकपट्टी पूर्ण मागे जात नाही. मग चालताना बसलेला एखादा धक्काही संपर्क जोडायला पुरतो. बंदूक का थांबली नाही ते कळलं. कण कुठून आला ते कळलं नाही.

गोळ्या पांढऱ्या आहेत. वंगण करडं आहे.

"हे काय असेल, मामा?"

मामांनी चष्मा कपाळावर सरकवून खूप वेळ पाहिलं. "धूळ," ते म्हणाले.

"गुलाबी?"

"असते काही ठिकाणी."

मग त्यांनी सगळे भाग ताटलीत घेतले आणि म्हणाले, "तू थकलीस. मी धुऊन देतो." दोन तास ते आपल्या खोलीत दार लावून होते. आतून लहान मोटरचा आवाज येत होता. भाग परत आले तेव्हा चकाकत होते आणि त्यांना पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास होता. मी पिस्टनचे दात मोजले. पुस्तिकेत चौदा म्हटलं आहे, चौदा भरले. सगळे सारख्या रंगाचे, सारख्या उंचीचे. झीज अजिबात नाही. अकरा महिने वापरलेल्या पिस्टनवर इतकी कमी झीज मी अपेक्षिली नव्हती. दर्जेदार माल दिसतो.

मामांची मदत झाली.

गुरुवार, ८

संध्याकाळी गच्चीवर चाचणी. २११ गोळ्या व्यवस्थित. २१२ व्या गोळीनंतर मी चाप सोडला आणि बंदूक चालूच राहिली. मी नळी लगेच खोक्याकडे धरली, पण खोकं पहिल्या पंधरा गोळ्यांतच कलंडलं. उरलेल्या मामीच्या वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांना लागल्या. मग मी बॅटरी उपसून काढली. एकूण नऊ सेकंद.

मामी वर आली. अभ्रे पाहिले.

"कुणाला मारत होतीस?"

"कुणाला नाही. चाचणी होती."

"चाचणीत पास झाले का माझे अभ्रे?"

"भोक पडलेलं नाही. फक्त ठिपके आहेत."

"यांच्याबरोबर चार महिने राहिलीस," मामी अभ्रे गोळा करत म्हणाली, "आणि उत्तरंही यांच्यासारखी द्यायला लागलीस."

परत उघडलं. या वेळी स्प्रिंग दाबून धरली होती. खाचेत पुन्हा गुलाबी कण, पुन्हा लाल धागे. दात मोजायला घेतले तर मामा ताटली घेऊन हजर. धुवायला.

"मंगळवारी धुतले आहेत," मी म्हटलं.

"दात रोज घासायचे असतात," मामा म्हणाले आणि ताटली घेऊन गेले.

लिफ्टच्या तपासणीत एकच गोष्ट दोनदा सापडली तर तिला आम्ही योगायोग म्हणत नाही. पण मग काय म्हणायचं, ते आज माझ्याकडे नाही.

रविवार, ११

मामांना खेळायला बंदी आहे, यायला नाही. त्यामुळे गाडी मलाच चालवावी लागली.

आवारात शिरताच मामांनी खिशातून लाल फडकं काढून डोक्यावर टाकलं आणि मेलेल्यांच्या बाकावर जाऊन बसले. पोस्टमन म्हणाला, "अहो, सामना सुरू व्हायचाय अजून." मामांनी उत्तर दिलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसले.

दहाव्या मिनिटाला बँकेचा कप्तान मेला आणि त्याला त्याच बाकावर यावं लागलं. दुसरा बाक नाही. दोघं लाल फडकी घेऊन वीस मिनिटं शेजारी बसले. बोलायला दोघांनाही मनाई. एकदा कप्तानाच्या मुखवट्यावर माशी बसली. मामांनी ती फडक्यानं हाकलली. कप्तानानं मान हलवली, मग ती खूण धरली जाईल म्हणून अर्ध्यातच थांबवली.

शेवटची शिट्टी झाल्यावर कप्तान उठला. मामा उठले नाहीत.

"संपलं, काका. तुम्ही अजून मेलेलेच आहात का?"

मामांनी फडक्याची एक कड उचलली. "निकाल लागेपर्यंत," म्हणाले, आणि कड खाली सोडली.

कप्तानानं मुखवटा काढला. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "त्या दिवशीही ते असेच... म्हणजे नियम म्हणून गप्प होते?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हटलं.

मामांचा संघ हरला. एक माणूस कमी होता. परत येताना मामा गाडीत एकच वाक्य बोलले, "पोस्टमनची डावी बाजू उघडी पडते. ती मी बघायचो."

मी सिग्नलकडे लक्ष दिलं.

मंगळवार, १३

सुटे भाग विकणाऱ्याला पत्र पाठवलं होतं, कणाचे फोटो जोडून. त्याचं उत्तर: "मॅडम, आमच्या कुठल्याही भागात गुलाबी काहीही नसतं. बंदुकीत कुणी च्युइंग गम ठेवलं आहे का ते कृपया बघावं."

बघितलं. नाही.

शक्यता लिहून काढल्या. गोळ्यांचा रंग: बाद. वंगण: बाद. मैदानावरच्या जुन्या रंगाचा चुरा: त्यात धागे नसतात, बाद. मामीची लोकर: घरात लोकर नाही, बाद. मामांना विचारलं की बंदूक कधी कुणाला उसनी दिली होती का. "बंदूक, टूथब्रश आणि बायको कुणी उसनी देतं का," म्हणाले. मामी म्हणाली, "ऐक. माझा नंबर टूथब्रशनंतर."

आठ दिवस उरले आहेत. मला कारण सापडलं नाही तर तसं लिहून द्यावं लागेल. त्यावर बाई काय म्हणतील हे उघड आहे. आज मामांनी कपाटातला जाळीचा मुखवटा काढला, पुसला आणि परत ठेवला. तीन वेळा. मी मुद्दाम मोजलं नाही, माझं टेबल समोर आहे.

बुधवार, १४

महत्त्वाचा दिवस. सकाळी चहा ओतताना किटलीच्या झाकणाची मूठ माझ्या हातात आली. ती गुलाबी आहे. तुटलेल्या कडेला बारीक लाल धागे होते.

मी मूठ टेबलावर नेली आणि भिंगाखाली दोन्ही कणांच्या शेजारी ठेवली. रंग, पोत, धागे, सगळं एक. मग मला आठवलं की मामीच्या कंगव्याचा एक दातही गुलाबी आहे. रिमोटच्या मागचं झाकण गुलाबी आहे. माझ्या खोलीच्या कडीचा खटका गुलाबी आहे. चष्म्याच्या घराची बिजागरी, मिठाच्या बरणीची कड, आरशाचा एक कोपरा. चार महिने मी हे सगळं रोज पाहत होते. या घरात गुलाबी रंग आवडतो अशी माझी समजूत होती.

न्याहारीला मी निष्कर्ष सांगितला. "किटली आणि बंदूक एकाच कारखान्यातली आहेत."

मामीनं हातातली ताटली खाली ठेवली. मग ती खुर्चीवर बसली. मग तिनं पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं तिला ठसका लागला आहे, म्हणून मी पाणी दिलं.

"बरोबर आहे," शेवटी ती म्हणाली. "एकाच कारखान्यातली आहेत. चल, कारखाना दाखवते."

मामा फिरायला गेले होते. मामीनं त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. वरच्या खणात प्लास्टरचे जबडे, नावाच्या चिठ्ठ्या लावलेले, ओळीनं. मधल्या खणात घासायची लहान मोटर आणि ब्रश. खालच्या खणात दोन बाटल्या, एकीत गुलाबी भुकटी, दुसरीत तीव्र वासाचं पाणी. कवळीची हिरडी याचीच करतात.

भुकटी भिंगाखाली पाहिली. लाल धागे.

"हे धागे कशाला?" मी मामीला विचारलं.

"हिरडीत शिरा नकोत का दिसायला?" ती म्हणाली. "हे तुझे मामा फार बारकाईचे आहेत, तुला वाटतात तसे नाहीत." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तू फार हुशार आहेस, मला वाटतेस तशी नाहीस."

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला नीट कळला नाही.

गुरुवार, १५

मामांशी बोलले. मी पिस्टन टेबलावर ठेवला आणि काही विचारलं नाही. तपासणीत ही पद्धत उपयोगी पडते. माणूस चाळीस सेकंदांच्या वर थांबू शकत नाही. मामा अकरा सेकंदांत बोलले.

"दुसरा दात काढायचा असतो म्हणे. वाचलं होतं. काढला की गिअर पुढच्या दातावर नीट बसतो, पिस्टन टिकतो. म्हणून काढला. मिनिटाचं काम."

"हे खरं आहे. बरेच जण काढतात. मग?"

"मग ती फट दिसायला लागली."

"गिअरबॉक्स बंद केल्यावर फट दिसत नाही."

"तुला दिसत नाही. मला जेवताना दिसायची. अगं, एकोणचाळीस वर्षं मी कुणाला फट ठेवून घरी पाठवलेलं नाही. फट दिसली की हात शिवशिवतात."

"म्हणून तुम्ही पिस्टनला खोटा दात बसवला."

"खोटा काय म्हणतेस. कृत्रिम." त्यांनी पिस्टन खिडकीशी नेला. "शेड तीनदा मिसळली तेव्हा जुळली. दिवसाच्या उजेडात बघावी लागते, दिव्याखाली शेड फसवते. सांग बघू कुठला?"

मला ओळखता आला नाही. जोड शोधायला भिंग लागलं. दात पांढरा, बाकीच्यांसारखाच. फक्त बुडाशी, आत, नखाच्या कडेएवढी गुलाबी हिरडी. गिअर प्रत्येक गोळीला त्या दातावर आपटतो आणि हिरडीचा कण उडतो. मी ते मामांना सांगितलं, आणि भिंगाचंही सांगितलं. भिंगाचं सांगायला नको होतं. ते त्यानंतर खूश दिसत होते आणि आम्ही एका चौकशीत होतो.

"मंगळवारी धुवायला नेलेत तेव्हा काय केलंत?"

"नवा बसवला. तो पहिला हलत होता."

"आणि गुरुवारी?"

"तोही हलत होता. पण मी वेळेवर आलो ना?"

मग नवव्या नियमाचा विषय निघाला.

"लिही, कारण समजलं नाही," मामा म्हणाले.

"समजलं आहे."

"मग लिही, जुनी झाली होती."

"अकरा महिन्यांची आहे."

"लिफ्टमध्येही असंच करतेस?"

"हो."

"मग लोक तुला जिन्यानं पाठवत असतील."

मी म्हटलं की मी सही करते तेव्हा सहीच्या वर जे लिहिलेलं असतं ते खरं असतं. एवढंच माझ्याकडे आहे. मामा संध्याकाळी जेवायला बसले ते डोक्यावर लाल फडकं टाकून.

"अहो," मामी म्हणाली, "जेवताना तरी जिवंत व्हा."

मामांनी फडक्याच्या आतून घास घेतला. पाणी हवं होतं, पण मागितलं नाही. मी तांब्या त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी मान हलवली नाही. मेलेल्यानं खुणा करायच्या नाहीत.

हे फार काळ चालू देता येणार नाही. घराच्या कामकाजावर परिणाम होतो.

शनिवार, १७

खरं लिहिलं तर मामा वर्षभर बाहेर. खोटं मी लिहिणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी दोन दिवस आहे. (कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या जागी भोक आहे.)

दुपारी एक गोष्ट लक्षात आली. मामांना दात हवा आहे. गिअरला दात नको आहे. दोघांच्या मागण्या एकमेकांविरुद्ध नाहीत. दात असावा, पण गिअरला लागू नये.

मी उठून मामांच्या खोलीत गेले. "दुसऱ्या दाताची उंची दीड मिलिमीटर कमी केली तर?"

मामांनी फडकं काढलं. बोलण्याआधी त्यांनी थोडा विचार केला, आपण आता जिवंत आहोत की नाही याचा असावा.

"म्हणजे नुसता दिसायला?"

"हो. गिअर वरून जाईल. काम पहिला आणि तिसरा दात करतील."

"फट दिसणार नाही?"

"नाही."

"पण आखूड दिसेल."

"मामा."

"बरं, बरं. आखूड दात असतात लोकांचे." ते खुर्चीत सरळ बसले. "पण मग हिरडीत तारेचं जाळं घालू. तुझ्या त्या धक्क्यांनी हलता कामा नये. चिकटवायचं तर नीट चिकटवायचं."

"हे मी सुचवणारच होते," मी म्हटलं. सुचवणार नव्हते. जाळं असतं हे मला माहीत नव्हतं.

चार तास आम्ही एका टेबलावर काम केलं. मी मापं दिली, त्यांनी घासलं. मी दीड म्हटलं की ते दीडच घासत. व्हर्निअर लावून पाहिलं, एक दशांशही इकडे-तिकडे नाही. कामावर माझ्याबरोबर असा माणूस नाही. मामी दोनदा दाराशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. तिला काहीतरी हवं असावं.

मंगळवार, २०

चाचणी पूर्ण. रविवार, सोमवार आणि आज, मिळून ५,००० गोळ्या. दर हजार गोळ्यांनंतर गिअरबॉक्स उघडला. कण शून्य. दात हललेला नाही. एकदाही चाप सोडल्यावर बंदूक चालू राहिली नाही.

रविवारी मैदानावर जाऊन बाईंचं वेगमापक यंत्रही लावून पाहिलं. सेकंदाला ९६ मीटर. त्यांच्या वहीत मामांच्या नावापुढे अकरा महिने हाच आकडा आहे, दात काढण्याआधीही आणि नंतरही.

तपासणीला ३,००० पुरेशा होत्या. उरलेल्या २,००० अचूकतेसाठी होत्या, कारण वीस मीटरवरचा डबा पहिल्या दिवशी मला दहातून तीनदाच लागला. आज दहातून नऊ. ही बंदुकीतली सुधारणा समजावी.

मामा शेजारी उभे राहून मोजत होते. "डावा खांदा सोड," ते मध्येच म्हणाले. मी सोडला. "पोस्टमनची डावी बाजू तू बघू शकशील."

"मी फक्त गाडी चालवते," मी म्हटलं. तो दहावा डबा होता. लागला.

बुधवार, २१

पत्र सकाळी नेऊन दिलं. देण्याआधी मामांना वाचून दाखवलं. तिसऱ्या मुद्द्यापाशी ते म्हणाले, "एवढं स्पष्ट?" चौथ्यापाशी म्हणाले, "हं." पाचव्यापाशी चष्मा पुसायला लागले. मामी म्हणाली की चष्मा स्वच्छच होता.

नक्कल इथे ठेवते.

मैदानाच्या मालक बाईंस,

१. रविवार ४ तारखेला बंदूक न थांबण्याचं कारण सापडलं आहे. पिस्टनच्या दुसऱ्या दाताच्या बुडाचा कण तुटून चापाच्या सरकपट्टीत अडकला होता. कण पाकिटात जोडला आहे.

२. तो दात मूळचा नव्हता. मूळ दात बंदुकीच्या मालकांनी, म्हणजे माझ्या मामांनी, घरी काढला आणि त्या जागी कवळीच्या साहित्याचा दात बसवला.

३. हा घरी केलेला फेरफार आहे. नववा नियम लागू होतो. मला याबद्दल शंका नाही.

४. तरीही विचार व्हावा, कारण नियमाचा हेतू बंदुकीचा जोर वाढू नये हा दिसतो. आपल्या वहीनुसार जोर वाढलेला नाही. दात जोरासाठी बसवला नव्हता. फट बघवत नव्हती म्हणून बसवला होता.

५. आता तिथे नवा दात आहे. तो काहीही काम करत नाही. ५,००० गोळ्यांत त्याला गिअर लागलेला नाही. मी आजवर तपासलेल्या कुठल्याही यंत्रात इतकं नीट केलेलं काम पाहिलेलं नाही. आपण झाकण उघडून स्वतः पाहावं. कुठला दात ते ओळखता येणार नाही. आखूड आहे एवढीच खूण.

६. बँकेच्या कप्तानांची तोंडी माफी बाकी आहे. मामा नियमानुसार १७ दिवसांपूर्वी मेले असून आपल्या निकालाशिवाय बोलू शकत नाहीत. थर्मासची जखम ते भरून देतील. रंग गुलाबी असेल.

७. मामांवरील बंदी कायम राहिल्यास त्यांच्या जागी, आणि उठल्यास राखीव म्हणून, माझा सभासदत्वाचा अर्ज सोबत आहे. कारण तांत्रिक आहे. दुरुस्त केलेल्या यंत्रावर काही काळ प्रत्यक्ष कामात लक्ष ठेवणं आवश्यक असतं.

सामना रविवारी ९.४० ला आहे. तरी आपलं उत्तर, हो किंवा नाही, शुक्रवार २३ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं, ही विनंती.